नदी वाढायला येते

मी पाठवलेला फोटो पाहून तुम्ही दोघांनी दोन प्रश्न विचारलेत. मोठीने विचारलं, "आजी, नदीकाठची वाट बुडाली, आता परत बांधायला लागणार का?" धाकट्याने विचारलं, "त्या झाडाला इतक्या चिंध्या कोणी बांधल्या?" फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मध्येच कोणीतरी जेवायला हाक मारतं. म्हणून लिहून पाठवते आहे. अडेल तिथे आईला विचारा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. वाट बुडाली, आणि ती परत बांधावी लागणार नाही. बुडून पुन्हा वर यावी अशीच ती केली आहे. असं कोणी आणि का केलं, हे सांगायचं तर आमच्या घरमालकांबद्दल सांगायला हवं. त्यातच चिंध्यांचंही उत्तर आहे.

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. आधी प्रस्तावना, मग मुद्दे, मग समारोप, अशी माझी सवय. पण हे गृहस्थ त्या क्रमाने आठवत नाहीत. ते आठवतात ते मधूनच कुठेतरी, रस्त्याच्या कडेला खुर्ची उघडून बसलेले.

ती खुर्ची तुम्ही पाहिली आहे. लाकडी दांड्यांची, घडीची, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जाड कापडाची. ती काखेत मारल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. बँकेत रांग असली की खुर्ची उघडत. भाजी मंडईत दोन ढिगांच्या मध्ये उघडत. आमच्या नगरा मोहल्ल्यातली मुलं त्यांना 'कुर्सीवाले बाबूजी' म्हणत. आम्ही भाडेकरू त्यांना भाऊसाहेब म्हणत असू आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. "उभा माणूस घाईत बघतो," असं भाऊसाहेबांचं म्हणणं. "बसलं की गोष्ट आपणहून दिसायला लागते."

एकदा इलाइट चौराह्यावर, भर गर्दीच्या वेळी, मधल्या गोल चबुतऱ्यावर ते खुर्ची टाकून बसले. वाहतुकीचा शिपाई धावत आला.

"बाबूजी, यहाँ क्यों बैठे हैं?"

"देख रहा हूँ, भैया, तुम परोसते कैसे हो."

"क्या परोसता हूँ?"

"रास्ता. उधर वाले को तीन बार परोस दिया, इधर वाला कब से खाली पत्तल लिए बैठा है."

शिपायाने इकडच्या गाड्या सोडल्या, म्हणे. हे मला तुमच्या आजोबांनी सांगितलं, आणि ते अतिशयोक्ती करणारे नव्हते.

भाऊसाहेब जगातली कुठलीही गोष्ट पंगतीवरून समजावून सांगत. त्यांचं लहानपण ओरछा गेटच्या आतल्या गल्ल्यांत गेलं. तिथल्या जुन्या मराठी घरांतून गणपतीत, मुंजीत मोठ्या पंगती उठत, आणि हे मुलगे कमरेला पंचा बांधून वाढायला असत. कोण कसं वाढतो यावरून ते माणसाची पारख करत, अगदी शेवटपर्यंत. एका दुपारी ते सहज वर आले, आमची पानं वाढलेली होती. तुमच्या आजोबांच्या ताटात लिंबाची फोड उजवीकडे पडली होती. भाऊसाहेबांनी ती उचलून डावीकडे ठेवली, मग म्हणाले, "हं, आता बोला." भाडं घ्यायला आले होते की आणखी कशाला, हे तेही विसरले आणि आम्हीही.

नोकरीत ते रेल्वेच्या पुलांवर इंजिनिअर होते. काम एकच: गाडी पाण्याच्या वर ठेवायची. भराव उंच, पूल उंच, रूळ उंच. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना पाण्याजवळ जायचं वेड लागलं. सकाळी चहा झाला की खुर्ची घेऊन पहूज नदीच्या काठी. आमच्या मोहल्ल्याच्या मागे नदीची जी सखल जमीन आहे तिथे उन्हाळ्यात रामकली काकडी आणि खरबुजाचे वेल लावते. तिच्या वाफ्यांच्या कडेला ते बसायचे, आणि ती त्यांना रोज तेच सांगायची: "काय कक्का, बेल पे पाँव न धरियो." बुंदेलीतला हा 'काय' भाऊसाहेबांना फार आवडे. म्हणत, "ह्या गावात एवढा एकच शब्द आहे जो मला आणि तिला, दोघांनाही भाषांतर न करता कळतो."

मोठी अगदी लहान असताना एका उन्हाळ्यात तुम्ही आला होतात, तेव्हा त्यांनी मोठीला विचारलं होतं, "तुमच्या गावात नदी आहे का?" आहे, म्हणालीस. "मग ती घरी येते का कधी?" तू विचार करून सांगितलंस, "नाही. तिला परवानगी नाही." तुमच्या त्या शहरात नदीला दोन्ही बाजूंनी भिंती आहेत, तेच तुला सांगायचं होतं. भाऊसाहेब इतके हसले की खुर्चीची घडी मिटायला आली. ते वाक्य त्यांनी पुढे कुठे कुठे वापरलं, याचा तुला पत्ता नाही.

आता एक शब्द नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नदीला खूप पाणी येतं त्याला आपण मराठीत पूर म्हणतो आणि इथले लोक बाढ़ म्हणतात. भाऊसाहेब म्हणायचे, बाढ़ म्हणजे आपलीच वाढ. आणि मराठीत वाढणं म्हणजे मोठं होणं, आणि वाढणं म्हणजे पानात जेवण घालणंही. "नदी वाढते म्हणजे काय? वाढायला येते. गाळ वाढते, ओल वाढते. ती वाढून गेली की मग रामकलीची काकडी होते. आणि आपण काय करतो? ती वाढायला आली की पान उचलून पळतो, नाहीतर तिच्या तोंडावर दार लावतो."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, हा शब्दांचा खेळ झाला. पुरात घरं जातात."

"जातात ना. कारण घर पंगतीच्या मधोमध बांधलेलं असतं. वाढणाऱ्याने जायचं कुठून? दोन ओळींमध्ये वाट ठेवली नाही, तर आमटी कुणाच्या तरी डोक्यावर सांडणारच."

वहिनी आतून म्हणाल्या, "सांडू दे. निदान गरम तरी मिळेल. तुम्ही नदीवरून येईपर्यंत रोज गार होते."

वहिनी अशा. त्यांचे वडील मऊरानीपूरला स्टेशनमास्तर होते आणि घराच्या मागेच नदी होती. सगळं लहानपण पाण्यात पाय सोडून गेलं, असं त्या सांगत. पक्षाघाताने त्यांचा डावा पाय गेला, तेव्हापासून चाकांची खुर्ची; तिला त्या गाडी म्हणत. नगऱ्यातल्या रस्त्यांवर ती कशीबशी चाले, पण नदीकडे जाणारी वाट मातीची, खड्ड्यांची. घरापासून पहूज इतकी जवळ की पावसाळ्यात आवाज येतो, आणि वहिनींनी ती आजारपणापासून पाहिली नव्हती. त्यांच्या घरात दोन खुर्च्या होत्या. एक रोज नदीवर जायची, दुसरी दारापर्यंत.

मग एके वर्षी ठरलं की नदीकाठी लोकांना फिरायला वाट करायची. त्यासाठी मोहल्ल्याची समिती नेमली गेली. अर्ज इंग्रजीत लिहायचे म्हणून मला चिटणीस केलं. अध्यक्ष होते एक निवृत्त अधिकारी, आमच्याच गल्लीतले. माणूस चांगला, स्वच्छतेचा भोक्ता, मोठ्या शहरांतले नदीकाठ बघून आलेला. आपल्या गावातही तसं काही व्हावं, ही त्यांची मनापासूनची इच्छा. त्यांनी रंगीत चित्र भिंतीवर लावलं: सखल जमिनीवर भराव घालून उंच केलेला दगडी रस्ता, पाण्याच्या बाजूने भिंत, लोखंडी कठडा, ओळीने दिवे.

"रिवरफ्रंट," ते म्हणाले.

भाऊसाहेब पहिल्या ओळीत, स्वतःच्या खुर्चीवर बसले होते. "अध्यक्षजी, नदी का फ्रंट कौन-सा? दुकान है क्या?"

सगळे हसले, अध्यक्षही हसले. पण भाऊसाहेब थांबेनात. भराव घातला की पाणी समोरच्या वस्तीत शिरेल. कठड्यात सगळा कचरा अडकेल आणि पहिल्याच पुरात तो आडवा होईल. रामकलीचे वाफे भरावाखाली जातील. वाट मातीचीच करा, जमिनीच्या उतारावर, कठडा नको, बसायला जड दगड ठेवा. पाणी आलं की वाट बुडेल, पाणी गेलं की झाडून घेऊ. "पंगत उठल्यावर झाडतात की नाही? जागा बदलतात का?" आणि शेवटी, "साहब, आप नदी को परमिशन नहीं दे रहे." मोठीचं वाक्य हे असं सभेत पोचलं.

अध्यक्ष म्हणाले, "मिट्टी की पगडंडी तो आज भी है. फिर समिति किसलिए बनी?" तेही खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वहिनींना ते रंगीत चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. दगडी रस्त्यावरून बोट फिरवत फिरवत पाण्यापर्यंत नेलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझी गाडी जाईल."

भाऊसाहेब तिथेच होते. ते म्हणाले, "हे होऊ द्यायचं नाही."

वहिनींनी चित्राची घडी करून मला परत दिली. दुसऱ्या दिवसापासून त्या नवऱ्याशी हिंदीत बोलू लागल्या. आमच्या इथल्या घरांतून रागाची ही एक पद्धत आहे. भांडण मराठीत करायचं आणि अबोला हिंदीत. "खाना लग गया है, आप खा लीजिए." "आपका फ़ोन है." इतकं शुद्ध आणि सभ्य हिंदी की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. भाऊसाहेब मराठीतच उत्तर देत राहिले. हे दिवसेंदिवस चाललं. वर आमच्या घरात ऐकू येई, आणि तुमचे आजोबा म्हणत, "खाली अजून हिंदी आहे."

इकडे आराखडा तपासायला सरकारी खात्यातून एक तरुण इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. सखल जमिनीवर पाणी किती उंच येतं?

"घुटने तक," अध्यक्ष म्हणाले. "वो भी कभी-कभार."

"आपके सर के ऊपर," भाऊसाहेब म्हणाले.

खरं कोणालाच सांगता येईना. पाणी उतरलं की माणसाची आठवणही उतरते. प्रत्येकाला आपापल्या सोयीचा पूर आठवत होता. कुठे नोंद नव्हती. गुडघ्याएवढंच पाणी असेल तर दगडी रस्त्याला हरकत नाही, डोक्यावरून जात असेल तर तो करता यायचा नाही, इतकं बाईंनी स्पष्ट सांगितलं. "कोई निशान है?"

"है," भाऊसाहेब म्हणाले. "पेड़ पर बाँध रखे हैं."

आता धाकट्याच्या चिंध्या. सखल भागात मध्यावर एक जुनं बाभळीचं झाड आहे. निवृत्त झाल्यापासून दरवर्षी पाणी उतरलं, की भाऊसाहेब त्या खोडावर गाळाची रेघ कुठे आहे ते पाहून तिथे कापडाची पट्टी बांधत. दरवर्षी वेगळं कापड, म्हणजे वर्षं ओळखू यावीत. कापड कुठलं, तर वहिनींच्या जुन्या साड्या. पेटीत हात घालायचा, येईल ती साडी काढायची, काठाकडची पट्टी फाडायची.

पण आपल्या देशात बाभळीला कापड बांधलेलं दिसलं तर माणूस काय समजेल? रामकलीची म्हैस हरवली होती. तिने येऊन तिथे एक पट्टी बांधली, हात जोडले, आणि म्हैस सापडली. झालं. बायका यायला लागल्या. शेंदूर आला, बांगड्या आल्या, खोडाशी एक दगड उभा राहिला. पट्टी जितकी उंच तितकं लवकर फळ मिळतं, असंही कोणीतरी ठरवलं, मग नवऱ्याच्या खांद्यावर चढून बांधणंही सुरू झालं. भाऊसाहेबांनी रामकलीला समजावून पाहिलं की हा देव नाही, हे पाण्याचं माप आहे. ती म्हणाली, "काय कक्का, तुम बाँधो तो नाप, औ हम बाँधें तो पाप?"

 ते वाक्य त्यांनीच घरोघर जाऊन सांगितलं, हसत हसत. पुढे हे अंगाशी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पाहणीच्या दिवशी आम्ही सगळे झाडाशी पोचलो तेव्हा नवरात्र नुकतंच होऊन गेलं होतं. खोड दिसेना. गुडघ्यापासून फांद्यांपर्यंत चिंध्याच चिंध्या, लाल, पिवळ्या, उन्हाने विटलेल्या. इंजिनिअर बाई म्हणाल्या, "इनमें से आपकी कौन-सी हैं?"

भाऊसाहेबांनी खुर्ची उघडली. बसले. पुष्कळ वेळ वर-खाली पाहिलं. शेवटी म्हणाले, "पता नहीं."

साड्या त्यांनी फाडल्या होत्या, पाहिल्या कधीच नव्हत्या.

अध्यक्षांनी नजर नदीकडे वळवली, हा त्यांचा चांगुलपणा. बाईंनी घड्याळ पाहिलं. रामकली वाफ्यातून मान वर करून म्हणाली, "जीकी धोती, ओई चीन्हे." म्हणजे ज्या बाईची साडी, तीच ओळखील. ती थट्टेने म्हणाली असावी, पण मी आणि अध्यक्षांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आम्ही परत फिरलो.

वहिनींना ऑटोत घालून रस्त्याच्या टोकापर्यंत आणलं. तिथून पुढे चाकं मातीत रुतली. मग भाऊसाहेबांची घडीची खुर्ची पुढे आली. वहिनींना तीत बसवलं; एका बाजूने अध्यक्ष, दुसऱ्या बाजूने ऑटोवाला. भाऊसाहेब रिकाम्या हातांनी मागून. ते खुर्चीशिवाय कसे दिसतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. थोडे वाकलेले आणि थोडे लहान.

"भैया, सँभाल के," वहिनी अध्यक्षांना म्हणाल्या. "एक ही टाँग काम की बची है."

अध्यक्ष धापा टाकत होते. वाटेत टेकले तेव्हा त्यांनी हळूच म्हटलं, "भाभीजी, मैं तो चाहता हूँ आप रोज़ आएँ. पक्का रास्ता बन गया तो मुझे उठाना भी नहीं पड़ेगा." त्यात लबाडी नव्हती. पण त्याचा अर्थ वहिनींना कळला, आणि मलाही. खालची एखादी चिंधी माझी, एवढं त्यांनी म्हणायचा अवकाश. दगडी रस्ता होणार आणि त्यांची गाडी पाण्यापर्यंत जाणार. त्यांच्यावर शंका घेणारं तिथे कोणी नव्हतं.

झाडाशी खुर्ची ठेवली. पलीकडे पहूज दिसत होती. वहिनींनी आधी तिकडे पाहिलं, झाडाकडे नाही. घाई करा असं कोणी म्हणालं नाही.

मग अध्यक्षांनी गुडघ्याच्या उंचीवरची एक तपकिरी पट्टी हातात धरली. "ये तो नहीं?"

वहिनींनी ती दोन बोटांत घेतली. पालथी केली, सुलटी केली. फार वेळ घेतला. भाऊसाहेब नदीकडे तोंड करून उभे होते.

"नहीं भैया," वहिनी म्हणाल्या. "ऐसा रंग मैं मरते दम तक न पहनूँ."

त्यांनी मान वर केली. एकेक चिंधी पाहत नजर वर गेली, अध्यक्षांच्या डोक्याच्याही वर, जिथे खोडाला पहिली मोठी फांदी फुटते तिथपर्यंत, आणि थांबली. आणि इतक्या दिवसांनी वहिनी मराठीत बोलल्या.

"अहो. ही माझी चंदेरी आहे."

भाऊसाहेब वळले नाहीत.

"आईने दिलेली. मोतिया रंगाची. मी समजत होते लेकीने नेली. तिला फोनवर किती टोमणे मारले मी."

"त्या वर्षी पाणी मोठं होतं," भाऊसाहेब नदीकडेच बघत, सावरून घेत म्हणाले. "मोठ्या पाहुणीला साधं कसं बांधायचं?"

"नदी पाहुणी. आणि मी कोण? गावभर सांगत फिरता, वाढणाऱ्याला वाट ठेवा, वाढणाऱ्याला वाट ठेवा. सगळ्या पंगतीत माझं पान कुठे मांडलंत? मांडलंत का कुठे?"

ते वळले. बसायला खुर्ची नव्हती. ते तसेच उभे राहिले.

इंजिनिअर बाईंनी मला हळूच विचारलं, "क्या कह रही हैं?"

"कह रही हैं कि साड़ी इन्हीं की है."

"बस इतना?"

"बाक़ी घर का है."

बाईंनी चंदेरीची उंची मोजून घेतली. दगडी रस्त्याचं चित्र त्या दिवशी संपलं. अध्यक्षांनी ते भिंतीवरून स्वतः काढलं आणि मला म्हणाले, "बहनजी, झगड़ा झूठा नहीं हो सकता. गवाह तो झूठे हो जाते हैं."

पुढचे काही दिवस भाऊसाहेब नदीवर गेलेच नाहीत, असं मला आधी वाटलं. पण ते जात होते, फक्त खुर्ची घरी ठेवून. उभ्याने, वाकून, कधी बसून जमिनीला हात लावत, ते रस्त्यापासून नदीकडचा उतार पाहत होते. रस्त्याच्या टोकाला जो कडुनिंब आहे, तिथून एक उंचवटा नदीकडे निघतो. अगदी पाण्यापर्यंत नाही जात, पण बराच पुढे जातो. त्या उंचवट्यावर सपाट फरशी घालायची, चाकांची खुर्ची जाईल आणि वळेल एवढी रुंद. टोकाला कठडा नाही, फक्त चाक अडेल असा दगडाचा उंबरा. त्या पुढे, खाली, सगळी वाट मातीची. कागदावर काढून ते वर माझ्याकडे आले. इंग्रजीत अर्ज लिहायचा होता.

"ह्या फरशीला काय म्हणू?" मी विचारलं.

"पान म्हणा."

"सरकारी अर्जात?"

"मग तुम्हाला हवं ते म्हणा. पण ते पान आहे."

खालून वहिनींची हाक आली, "अहो, जेवायला चला, गार होतंय." तुमचे आजोबा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "मराठी."

वाट झाली. अध्यक्षांना कडुनिंबापाशी एक दिवा मिळाला, त्यावर ते समाधानी होते. मातीच्या वाटेवर लोक सकाळ-संध्याकाळ फिरू लागले, रामकलीचे वाफे चुकवून. वहिनी फरशीच्या टोकाशी बसत. पाणी तिथून थोडं दूरच राहिलं. एकदा मी विचारलं, चुटपुट लागते का? म्हणाल्या, "पान मांडलंय ना. वाढणारी येईल तेव्हा येईल."

ती पुढच्याच पावसाळ्यात आली. रात्रभर आवाज येत होता. सकाळी पाऊस उघडला तेव्हा आम्ही गेलो, वहिनींची गाडी मी ढकलली. मातीची वाट दिसत नव्हती. बसायचे दगड दिसत नव्हते. बाभूळ अर्धी पाण्यात उभी होती. पण उंचवट्यापाशी पाण्याला जोर नव्हता. मातकट, मंद, ते फरशीच्या कडेपर्यंत येऊन थांबलं होतं आणि थोडं थोडं चढत होतं. भाऊसाहेब खुर्ची काखेत तशीच घडी करून वहिनींच्या मागे उभे राहिले, दोन्ही हात गाडीच्या दांड्यांवर.

पाणी दगडाच्या उंबऱ्यावरून आत आलं. पातळ, बोटभर. वहिनींच्या चाकाला लागलं, मग त्यांच्या उजव्या पावलाला. त्या पावलाला अजून कळत होतं. वहिनी वाकल्या, हात पाण्यात बुडवला, तसाच ठेवला. मग हात वर काढून, पानावर आडवा धरतात तसा, तळवा खाली करून पाण्यावर धरला.

"पुरे," त्या म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी गाडी मागे घेतली.

त्यानंतर काही वर्षांनी, एका थंडीत, ते गेले. घराच्या दोन खुर्च्यांपैकी एक दारामागे उभी राहिली. या वर्षी पुन्हा मोठं पाणी आलं. थोडं उतरलं, झाडापर्यंत गुडघाभर पाण्यातून जाता येऊ लागलं, तेव्हा वहिनींनी मला कात्री मागितली. मला वाटलं, आता कुठली साडी काढतात. त्यांनी दारामागची खुर्ची मागवली, मांडीवर आडवी घेतली आणि तिचं कापड कापलं. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, लांब. मला कापू दिलं नाही.

रामकलीने पाण्यातून जाऊन गाळाच्या रेघेवर ते बांधलं. ह्या वर्षीची रेघ चंदेरीच्या थोडी खाली आली. बांधून झाल्यावर तिने हात जोडले. कशासाठी, ते मी विचारलं नाही. मी फोटो काढला, तोच तुम्हाला पाठवला. त्यात वहिनी दिसत नाहीत, कारण त्या माझ्या शेजारी गाडीत होत्या, झाडाकडे बघत.

"आयुष्यभर बसून पाहिलंत," त्या म्हणाल्या. "आता जरा उभ्याने बघा."